दुखण्याला मिळालेली सुट्टी

गुडघ्याच्या नसांजवळ इंजेक्शन देऊन दुखणे थांबवतात, ही बातमी आता आमच्या वयाच्या मंडळींत चांगलीच पसरली आहे. बागेतल्या बाकावर पूर्वी तेलांची आणि लेपांची नावे निघत, आता ‘नर्व्ह ब्लॉक’चे निघते. आणि त्यावर एक शेराही हमखास ऐकू येतो, "त्यात काय, नुसते दुखणे दाबतात. मूळ रोग तसाच राहतो!"

मूळ रोग तसाच राहतो, हे अगदी खरे. झिजलेला सांधा कोणत्याही इंजेक्शनाने भरून येत नाही. माझे भांडण आहे ते ‘नुसते’ या शब्दाशी.

आधी हा प्रकार काय ते पाहू. गुडघ्याचे दुखणे मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या बारीक नसा सांध्याभोवती असतात. सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर पाहत डॉक्टर सहसा तीन ठिकाणी बधिर करणारे औषध सोडतात: गुडघ्याच्या वर दोन्ही बाजूंना आणि खाली आतल्या बाजूला. खालची बाहेरची बाजू बहुधा टाळतात, कारण पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस तिथून जवळ जाते. सुई सांध्याच्या आत जात नाही.

नुसत्या बधिरतेच्या औषधाचा परिणाम काही तासच टिकतो. म्हणजे ही खरे तर चाचणी परीक्षा. तेवढ्या वेळात दुखणे निम्म्याने तरी कमी झाले, तर त्याच नसांना रेडिओफ्रिक्वेन्सीने उष्णता देऊन काही महिने गप्प बसवता येते. २०११ साली ‘पेन’ या वैद्यकीय नियतकालिकात कोरियातल्या डॉक्टरांनी ३८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. बारा आठवड्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ५९ टक्के लोकांचे दुखणे निम्मे किंवा त्याहून कमी झाले होते. पण चाचणी लहान होती, आणि आधीच्या इंजेक्शनाने ज्यांना गुण आला त्यांनाच तिच्यात घेतले होते. आणि पुढे नसा पुन्हा वाढतात, तसे दुखणेही परत येऊ शकते.

मग काही महिन्यांच्या आरामाला किंमत किती? माझ्या मते पुष्कळ. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाई गुडघ्यापायी खाली उतरेनाशा होतात. आधी देऊळ सुटते, मग भाजीबाजार, मग लग्नकार्ये. चालणे बंद झाले की मांडीचे स्नायू सैल पडतात, गुडघ्यावरचा भार वाढतो आणि दुखणे आणखी वाढते. हे चक्र कुठेतरी तुटायला हवे. "वयोमानाने व्हायचेच" असे घरच्यांनी म्हटल्याने ते तुटत नाही.

इंजेक्शनाने ते थोडा वेळ थांबते. त्या सुट्टीत काय करायचे, हाच खरा प्रश्न. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, रोजचे चालणे, वजन थोडे उतरवणे, हा सुट्टीतला अभ्यास आहे. तो केला नाही, तर पैसे जातात आणि गुडघा होता तिथेच राहतो. म्हणूनच जो डॉक्टर सुई देतो पण व्यायामाचे नाव काढत नाही, त्याच्याविषयी मला शंका येते. "ऑपरेशन कायमचे टळेल" अशा जाहिरातींविषयी तर शंकाही उरत नाही. पाय वाकला असेल, सांधा पार झिजला असेल, तर ऑपरेशनचा विचार वेळेवरच करावा.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. सांध्याच्या आत देतात ते स्टेरॉइडचे इंजेक्शन वेगळे. २०१७ साली अमेरिकेत १४० रुग्णांचा एक अभ्यास झाला. काहींना दर तीन महिन्यांनी सांध्यात स्टेरॉइड दिले, काहींना नुसते मिठाचे पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता. स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा मात्र जास्त झिजली होती. म्हणून "गुडघ्यात इंजेक्शन घेतले" एवढ्यावर थांबू नये.

डॉक्टरांना सरळ विचारावे: ही चाचणी आहे की उपचार? औषध कोणते? त्यात स्टेरॉइड आहे का? मधुमेह असेल तर त्याने साखर काही दिवस वाढू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आपण होऊन सांगावे. सगळा मिळून खर्च किती, हे विचारायला तर मुळीच लाजू नये.

आपल्याकडे सोसण्याचे फार कौतुक आहे, विशेषतः बायकांच्या सोसण्याचे. पण दुखणे सहन केल्याने सांधा वाचत नाही आणि पुण्यही लागत नाही. रोग बरा होणार नसला, तरी आईला चार महिने जिना उतरून देवळापर्यंत जाता येत असेल, तर त्याला ‘नुसते’ म्हणू नये.