नावेचा गाडा

आपला वारंगा फाटा म्हणजे चाकांचा गांव. नागपूरकडून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग व हिंगोलीहून नांदेडास जाणारा रस्ता येथें एकत्र मिळतात. अशा ठिकाणीं नावेविषयीं लिहिणें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु उत्तरेस पैनगंगेवरील इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे, आणि कयाधू व आसना या नद्याही आपल्याच मुलखांतल्या आहेत. जुलै 2022 मध्यें आसनेचें पाणी वसमत तालुक्यांतील कुरुंदा गांवांत शिरलें होतें, हें आपण विसरलों नसूं.

गेल्या उन्हाळ्यांत वरच्या वर्गांतील चार मुलें मजकडे आलीं व म्हणालीं, "सर, आम्हांला लहानशी नाव करावयाची आहे." मीं विचारलें, "ती पाण्यापर्यंत नेणार कशी?" चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले. तेव्हांपासून माझें मत दृढ झालें आहे कीं, आधीं गाडा करावा, मग नाव करावी. आणि तो गाडा आपल्याच हातांनीं करावा.

कोणी म्हणेल, "चार माणसें नाव खांद्यावर नेतील, गाड्याचें काय काम?" उन्हाळ्यांत धरणाचें पाणी मागें हटलें म्हणजे मध्यें काळ्या मातीचा केवढा पट्टा उघडा पडतो, हें ज्यानें पाहिलें आहे तो असें म्हणणार नाहीं. शिवाय ज्या हातांनीं पुढें वल्हीं मारावयाचीं, ते वाटेंतच थकून कसें चालेल? दुसरा म्हणेल, "ट्रॅक्टर आहे ना!" आहे खरा, पण त्याची ट्रॉली उंच, आणि चिखलांत तोही रुततो.

इंग्लंडांतील लिनमथ गांवचें उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. 12 जानेवारी 1899 च्या रात्रीं समुद्रांत एक जहाज संकटांत सांपडलें. वादळामुळें लिनमथच्या किनाऱ्यावरून जीवरक्षक नाव लोटतां येईना. तेव्हां सुमारें शंभर माणसांनीं व अठरा-वीस घोड्यांनीं ती गाड्यावर घालून, मोठा चढ चढून, सुमारें 20 किलोमीटरांवरील पोरलॉकच्या किनाऱ्यास नेली. चढावर गाड्याचें एक चाक निखळलें. तें लोकांनीं तेथेंच बसविलें. पुढें वाट इतकी अरुंद झाली कीं, गाडा दुसरीकडून पाठवून नाव लाकडी ओंडक्यांवरून ओढावी लागली. सकाळीं नाव पाण्यांत पडली, आणि जहाजावरील अठराही जण वांचले. निखळलेलें चाक अंधारांत ज्यांना बसवितां आलें, त्यांनाच त्या नावेचा उपयोग झाला. म्हणून मी म्हणतों, गाडा घरचा असावा. कारण ज्यानें वस्तु केली त्यालाच ती वाटेंत दुरुस्त करतां येते.

आपल्याकडे ही विद्या नवी नाहीं. मागें भार जास्त झाला कीं बैलगाडी उलाळते आणि पुढें जास्त झाला कीं बैलांच्या मानेवर येतो, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. नावेच्या गाड्याचें मर्मही तेंच. नाव एका गोल दांडक्यावर आडवी ठेवून पुढेंमागें सरकवावी. जेथें ती तोलून राहील तेथें खडूनें खूण करावी. आंस त्या खुणेच्या किंचित् मागें यावा, म्हणजे 60 किलोंच्या नावेचा चार-पांच किलो भार दांडीवर राहतो. चाकें रुंद असावींत. सायकलीचें चाक मातींत रुततें आणि आडवा धक्का सोसत नाहीं. जुन्या स्कूटरचीं चाकें बरीं, व मऊ जमिनीवर त्यांतील हवा थोडी कमी करावी. नाव टेकते तेथें लांकडावर गोणपाट अथवा जुनी ट्यूब गुंडाळावी, आणि नाव पुढून व मागून दोन्हीकडे बांधावी. पाण्यांतून बाहेर आल्यावर आंसास वंगण द्यावें.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. हा गाडा शेतवाटेचा व हातानें ओढण्याचा आहे. त्यास ब्रेक नाहीं, दिवा नाहीं. म्हणून उतारावर दोघांनीं मागून दोरीनें आवरून धरावा. तो मोटरसायकलीस बांधून महामार्गावर नेण्याचा मोह कोणीही धरूं नये. मोटारीमागें जोडावयाच्या ट्रेलरासही 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणी लागते. आणि आपल्या फाट्यावरील मालमोटारींचा वेग तर तुम्ही रोज पाहतांच. लांबच्या वाटेस नाव टेंपोंतून न्यावी, व पुढच्या पायवाटेस गाडा काढावा.

पालकांस माझी विनंती एवढीच कीं, सुटींत मुलांस अडगळींतील दोन चाकें द्यावींत आणि गांवच्या सुतार-लोहारांजवळ चार दिवस बसवावें. वर्गांत तराजूच्या दांडीचा नियम पाठ म्हणणारा मुलगा तो नियम तेथें हातांनीं शिकेल, आणि कारागिराचा मान ठेवावयासही शिकेल. गाडा झाल्यावर तो गोठ्यामागें गंजत पडूं देऊं नये. दरवर्षीं मृग लागण्यापूर्वीं आंसाची खीळ व चाकांतील हवा तपासावी. पूर कांहीं आपली सवड पाहून येत नाहीं.