परिस्थिती ओळखणारी यंत्रे आणि माणूस

खोलीत माणूस आला की दिवे लागतात, उकाडा वाढला की वातानुकूलन यंत्र आपला वेग बदलते. परस्परांशी जोडलेली ही उपकरणे परिस्थिती ओळखून वागतात, असे म्हटले जाते. परंतु परिस्थिती म्हणून काय मोजावयाचे, हे यंत्र बसविणारा ठरवितो. इतिहासाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. नोंद ठेवणाऱ्यास जे महत्त्वाचे वाटले, तेच दप्तरात उरते.

या विद्येच्या आरंभकाळी, १९९२ च्या सुमारास, केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी संशोधनशाळेतील कर्मचारी अंगावर एक बिल्ला लावीत. तो दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांचा संकेत देई. त्यावरून कर्मचारी कोणत्या खोलीत आहे हे कळे आणि त्याचा दूरध्वनी तेथे जोडून देता येई. बिल्ला लावणारे आणि यंत्रणा घडविणारे एकाच संस्थेतील होते. तो काढून ठेवणेही त्यांच्या हाती होते.

आपल्या देशात तीच कल्पना नागपूर, चंदीगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळ होऊन आली. कामगार नेमलेल्या हद्दीत आहे की नाही, एवढे त्या घड्याळाला कळते. एखादी भगिनी पाण्यासाठी वा स्वच्छतागृहासाठी दोन गल्ल्या पलीकडे गेली, तर त्यामागील कारण त्याला कळत नाही. गटारातील हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू मोजून वेळीच इशारा देणारी उपकरणेही आज उपलब्ध आहेत. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही तेथे माणसे गुदमरून मरतात. मग हजेरी मोजण्याची जी तत्परता दिसते, ती श्वास राखण्यात का दिसू नये?

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. झाडू हाती घेतल्याने हा हक्क उणावत नाही. म्हणून कामगाराला आपली नोंद पाहता यावी, काम संपताच पाळत थांबावी आणि वेतन कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे एका माणसाने ऐकावे.

आपल्यापैकी जे माजी विद्यार्थी आज अभियंते वा अधिकारी आहेत, त्यांच्यापुढे अशा यंत्रणांचे प्रस्ताव येतील. त्यांवर स्वाक्षरी करण्यापूर्वी, ज्यांच्या अंगावर हे यंत्र चढणार आहे त्यांना विचारले आहे काय, एवढा प्रश्न त्यांनी अवश्य करावा.