५७ किलो



मागच्या रविवारी ताईकडे फ्रीगंजला पोहे खायला गेलो होतो. पोह्यांवर शेव, शेजारी गरम जिलबी, सगळं नेहमीसारखं. फक्त भाच्याची प्लेट कोरी. अठरा वर्षांचा आहे, कुस्ती खेळतो. "मामा, मंगळवारी वजन आहे," म्हणाला. गट ५७ किलोचा आणि काटा दाखवत होता ५९. आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

ताईचे सासरे, म्हणजे आबा, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. ते लगेच सुरू झाले. "आमच्या काळी पहिलवान खाऊन लढायचे. तुमचा एक तरी गामासमोर टिकेल का?" भाचाही कमी नाही. "आबा, मॅटवर गामा सहा मिनिटांत दहा गुणांनी हरेल!" मग दोघं माझ्याकडे वळले. तू कॉम्प्युटरवाला, तूच सांग.

हा उद्योग कॉम्प्युटरवाल्यांनी आधीच करून पाहिला आहे. १९७० साली अमेरिकेत रॉकी मार्सियानो आणि मोहम्मद अली यांची 'कॉम्प्युटर फाइट' थिएटरांत दाखवली गेली. दोघंही हेवीवेट, दोघंही तेव्हा अपराजित, पण काळ वेगळे. त्यांची आकडेवारी यंत्रात भरली, दोघांकडून लुटुपुटीचे राउंड खेळवून चित्रण केलं, आणि यंत्राने मार्सियानोला तेराव्या राउंडमध्ये जिंकवलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला! आमच्या धंद्यात याला ग्राहकाच्या मागणीनुसार बदल म्हणतात.

गामाचंच घ्या. आपल्या मध्यप्रदेशातल्या दतियाच्या महाराजांचा त्याला आश्रय होता. १९१० मध्ये लंडनला झिबिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली, कारण झिबिस्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला. आज पंच त्याला असं पडू देणार नाहीत. नियम बदलला की कुस्तीच बदलते. (१९२८ मध्ये पतियाळ्याला गामाने त्याच झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत चितपट केलं, हे आबांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.)

पण माझ्या डोक्यात भाच्याचे ५७ किलो फिरत होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला याच वजनात कांस्य जिंकले. पॅरिसला २०२४ मध्ये अमन सेहरावतनेही ५७ मध्येच कांस्य जिंकलं. गंमत म्हणजे दोघांनाही हरवणारा जपानी होता आणि दोन्ही वेळा सुवर्ण त्यानेच नेलं: तेव्हा इशी, आता हिगुची.

मग मोठा कोण? खाशाबांच्या वेळी एक कुस्ती पंधरा मिनिटांची. इशीशी झुंज संपली आणि विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ते सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. अमनची कुस्ती सहा मिनिटांची, दिमतीला प्रशिक्षकांचा ताफा. पण उपांत्य फेरीनंतर त्याचं वजन ६१.५ भरलं आणि सकाळी पुन्हा काटा होता. रात्रभर घाम काढून त्याने साडेचार किलोंहून जास्त उतरवले. दोनच दिवस आधी विनेश फोगाट १०० ग्रॅमने बाद झाली होती आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याने दवाखान्यात होती.

मी हे सांगत होतो तेव्हा भाचा अमनचंच ऐकत होता. "बघा, होतं ना!" मी म्हटलं, अरे, त्याच्याभोवती रात्रभर जाणकार माणसं जागी होती. तू बंद खोलीत जर्किन घालून दोरीच्या उड्या मारतोस, तुझ्याभोवती कोण आहे? आईला तरी सांगितलंस का?

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला ठाऊकच नव्हतं. दूध नको म्हणतोय, एवढंच तिला वाटत होतं. तिने त्याच्या उस्तादांना फोन लावला आणि त्यांनाही पाण्याचं हे माहीत नव्हतं. ते भाच्यावर असे ओरडले की समोर बसलेल्या मला ऐकू आलं. स्पर्धा जिल्ह्याचीच, त्यामुळे नाव ६१ मध्ये टाकता आलं. भाच्याने तोंड पाडून आधी दोन ग्लास पाणी आणि मग तीन प्लेट पोहे संपवले.

मंगळवारी तो दुसऱ्याच फेरीत हरला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आबा म्हणतात, गामा असता तर वजनच केलं नसतं.