संज्ञेचे सामर्थ्य

पाणिनीने साऱ्या स्वरांस मिळून ‘अच्’ ही इवलीशी संज्ञा दिली आणि पुढील सूत्रांचा केवढा तरी भार हलका केला. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज संगणकशास्त्र शिकतात. त्यांच्या एका क्लिष्ट धड्यातही हीच युक्ती कामी येते.

संगणकाचा मूळ कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीस ‘कर्नल’ म्हणतात. कळफलकावरील कळ दाबली असता पुढे काय करावयाचे, हे कळफलकाचा ‘ड्रायव्हर’ जाणतो. तो आपल्या फंक्शनचा पत्ता कर्नलकडे नोंदवून ठेवतो आणि वेळ येताच कर्नल त्या पत्त्यावर हाक मारतो. हा पत्ता म्हणजेच ‘फंक्शन पॉइंटर’.

अडचण आहे ती त्याच्या घोषणेत. डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेत घोषणा वापराच्याच रूपात लिहावयाची असते. म्हणून नाव मध्ये, फंक्शनला द्यावयाचे ते उजवीकडे आणि त्याजकडून मिळावयाचे ते डावीकडे. युनिक्समधील ‘सिग्नल’ हे फंक्शन तर एक संख्या व एका फंक्शनचा पत्ता घेते आणि पुन्हा फंक्शनचाच पत्ता परत देते! कंसात कंस गुंतत जातात व वाचणाऱ्यास आतून बाहेर चाचपडत यावे लागते.

यावर उतारा ‘टाइपडेफ’चा. त्या पत्त्याच्या प्रकारास एकदा नाव दिले, की तीच घोषणा सरळ वाक्यासारखी वाचता येते. यंत्राच्या कामात तिळमात्र फरक पडत नाही. सोय होते ती माणसाची.

२००६ साली लिनक्स कर्नलमध्ये याचा प्रत्यय आला. उपकरणाने हाक दिल्यावर धावणाऱ्या फंक्शनांस तोवर तीन गोष्टी पुरविल्या जात. तिसरी क्वचितच लागे. ती वगळण्यात आली. त्याच वेळी या फंक्शनांच्या प्रकारास नाव दिले गेले व त्याची व्याख्या एका जागी आली. फंक्शने मात्र एकेक करून सुधारावीच लागली. नावाने श्रम उणे होतात, संपत नाहीत.

आणखी एक सावधगिरी. साध्या रचनांस उगीच टोपणनावे देऊ नयेत, असे लिनक्सची लेखनसंहिता बजावते. कारण त्यामुळे आत काय आहे ते झाकले जाते. जेथे गुंता आहे तेथेच संज्ञा योजावी, हा विवेक मुलांनी भाषेच्या तासालाच शिकून घ्यावा, असे आम्हांस वाटते.