हाताला ठाऊक असलेला मोबाइल

धुळ्याच्या आमच्या आत्याबाई गेल्या महिन्यात जळगावला आल्या, त्या मोबाइलची तक्रार घेऊनच. संच सुस्थितीत होता. काचेला साधा तडाही नव्हता. मात्र बँकेचे ॲप उघडेनासे झाले होते. त्याला लागणारी नवी प्रणाली या जुन्या संचाला मिळत नव्हती. मुलाने नवा मोबाइल हाती ठेवला, तर त्या म्हणाल्या, “अरे, ह्याची बटणं शिकायला मला वर्ष लागलं. आता पुन्हा पहिलीत बसू का?”

मनुष्य आणि संगणक यांच्या परस्परव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेला हा प्रश्न अपरिचित नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक एली ब्लेविस यांनी 2007 साली एका शोधनिबंधात मांडले, की नवे काही घडविताना त्यामुळे जुने काय टाकून दिले जाईल, याचा विचार रचनाकाराने त्याच वेळी केला पाहिजे. सॉफ्टवेअरला वजन नसते. तथापि त्याची एक नवी आवृत्ती धडधाकट यंत्राला भंगारात धाडू शकते. मोबाइलपायी होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तर तो आपल्या हाती येण्यापूर्वीच, खाणींत आणि कारखान्यांत घडून गेलेला असतो. चार्जिंगची वीज वाचविण्यापेक्षा तोच संच आणखी दोन वर्षे वापरणे म्हणूनच अधिक मोलाचे. 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम 22 टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे.

आत्याबाई मराठीत संदेश लिहितात त्या ‘स्वरचक्रा’वर. पवईच्या आयआयटीतील प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला हा विनामूल्य कळफलक. ‘क’वर बोट ठेवताच भोवती का, कि, की असे चक्र उमटते, बालपणी पाटीवर गिरविलेली बाराखडीच ती. ई-कचरा कमी करावा म्हणून तो घडविला गेला नाही, हे खरे. परंतु माणसाला जे आधीच येते त्यावरच नवे उभारावे, ही त्यामागील दृष्टी बँकेच्या ॲपमध्ये का दिसू नये? आत्याबाईंचे वय बहात्तर. त्यांनी दर वेळी नव्याने शिकावे, ही अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते.

नवा संच अखेर नातीकडे गेला. आत्याबाई बँकेच्या कामासाठी आता रिक्षाने शाखेत जातात, आणि पोहोचल्या की जुन्याच मोबाइलवरून आम्हांला कळवितात.