पुरस्कार पुस्तकाला द्या, पुण्याईला नको

मुलांच्या पुस्तकांचे पुरस्कार जाहीर झाले की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘पुस्तक मुलांचं, मग निवडायला हे साठीचे परीक्षक कशाला? मुलांनाच ठरवू द्या की!’ टाळी घेणारं वाक्य आहे. ऐकायला मुलांच्या बाजूचं वाटतं, आणि बोलणाऱ्याला त्यासाठी एकही पुस्तक वाचावं लागत नाही. अशा एका निवड समितीवर मी काम केलं आहे. चेन्नईत राहत असल्यामुळे इथल्या प्रकाशकांची आणि पुरस्कारांची रीतही जवळून पाहते आहे. ते वाक्य मला मुळीच पटत नाही. मात्र त्याच्या उलट बाजूला उभे असलेले ‘संस्कार’वालेही मला तितकेच नापसंत आहेत. दोघांनाही पुस्तक न वाचता निकाल हवा असतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेतला आहे. मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक तिथे १९२२ पासून दिलं जातं. १९५३ साली समितीने ते ॲन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला दिलं. ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’ त्याच वर्षी विचारात होतं, त्याला गौरवयादीवर समाधान मानावं लागलं. आज डुकराच्या पिलाची आणि त्याच्या कोळी मैत्रिणीची ती गोष्ट जगभर वाचली जाते, आणि पदक मिळवलेल्या पुस्तकाचं नाव निघतं ते बहुधा हा किस्सा सांगतानाच. मुलांना विचारलं असतं तर ही फजिती टळली असती, असा युक्तिवाद असतो.

पण ही फजिती आपल्याला कळली कशी? त्या समितीने एक नाव सांगून हात झटकले नाहीत. विजेत्याच्या खालोखाल काय आवडलं तेही तिने जाहीर केलं, म्हणून सत्तर वर्षांनी आपण तिला हसू शकतो. आपल्याकडे बहुतेक वेळा विजेत्याचं नाव तेवढं छापून येतं. आपल्या समित्यांनी कोणकोणत्या शार्लटला दारातून परत पाठवलं, ते कुणाला कधी कळायचं नाही.

आता मुलांच्या मतदानाकडे वळू. चौथीतल्या मुलीची आवड खरी असते, तिच्याबद्दल मला शंका नाही. पण ती निवडते शाळेच्या कपाटात असलेल्या पुस्तकांतून. जे पुस्तक तिच्या हाती कधी आलंच नाही, त्याविषयी तिचं मत काय सांगणार? मतमोजणीत जिंकतं ते सगळ्यात जास्त ठिकाणी पोचलेलं पुस्तक. कोणतं पुस्तक कुठवर पोचायचं हे मुलं ठरवत नाहीत. प्रकाशकाचा खिसा, वितरकाचं कमिशन आणि शाळांसाठी होणारी ठोक खरेदी ते ठरवते. जे आधीच पोचलं आहे त्याला पुरस्काराची गरज काय? तो हवा असतो गठ्ठ्यात तळाशी राहिलेल्या पुस्तकाला.

दोन उदाहरणं देते. निवेदिता सुब्रमणियम आणि सौम्या राजेंद्रन यांचं ‘मयिल विल नॉट बी क्वायट’ हे इंग्रजी पुस्तक चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं. वयात येणाऱ्या एका मुलीची ही रोजनिशी. मुलीने कसं वागावं, कसं दिसावं, कशावर गप्प बसावं, या सगळ्याला ती प्रश्न विचारते. त्याला २०१५ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तमिळ भाषेचा २०२० चा पुरस्कार येस. बालभारती यांच्या ‘मरप्पाची सोन्न रगसियम’ला मिळाला. मरप्पाची म्हणजे इथे नवरात्रात गोलू मांडतात त्यातली लाकडी बाहुली. तिला हाताशी धरून लेखक मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या विषयात शिरतो. मुलांनी ही पुस्तकं निवडली असती का? असतीही. प्रश्न तो नाहीच. किती मुख्याध्यापकांनी ती मतदानाच्या आधी कपाटात ठेवली असती? मोठ्यांनी घातलेली चाळणी मोठ्यांनीच बाजूला करायची असते, आणि या दोन समित्यांनी ती केली.

म्हणून प्रौढांची समिती हवीच. ती काय करते, हा खरा भांडणाचा मुद्दा.

आपल्याकडच्या समितीत पहिला प्रश्न निघतो तो ‘यातून मुलांना काय मिळतं?’ हा. हा रोग जुना आहे, आणि त्याचं मूळ योगायोगाने याच तमिळ मुलखात सापडतं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सर्फोजीराजांच्या छापखान्यात ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली, इसापच्या गोष्टींचा सख्खण पंडितांनी केलेला मराठी अनुवाद. मराठी मुलांच्या छापील पुस्तकांची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे सुरुवातच तात्पर्याने झाली. दोनशे वर्षांनंतरही आपण गोष्ट संपली की खाली तात्पर्य शोधतो, आणि ते नसलं की लेखकाचे गुण कापतो. झाडं लावा, पाणी वाचवा, आजी-आजोबांचा मान ठेवा असं सांगणारी कथा कितीही निर्जीव असली तरी तिच्याविरुद्ध बोलायला बैठकीत कुणी धजत नाही. बोलणारा जणू झाडांच्या आणि आजीच्याच विरोधात! हेतू चांगला असण्याला पुरस्कार द्यायचे ठरवले तर मराठीतलं जवळजवळ प्रत्येक बालपुस्तक पात्र ठरेल.

दुसरी पळवाट आणखी सभ्य दिसते. साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार २०१० मध्ये सुरू केले. मराठीच्या यादीत २०१४ ला माधुरी पुरंदरे, २०१५ ला लीलाधर हेगडे, २०१६ ला राजीव तांबे आणि २०१८ ला रत्नाकर मतकरी ही नावं आहेत. पुस्तकाच्या रकान्यात चौघांपुढेही ‘एकूण योगदान’. चारही नावं मोठी आहेत, त्यांच्या पात्रतेबद्दल वाद घालणारा मूर्ख ठरेल. पण जालन्यातल्या एखाद्या शिक्षिकेने शाळेसाठी पुस्तकं घ्यायला ती यादी उघडली, तर तिला काय मिळतं? माणसाचं नाव. पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ घ्यावं की दुसरं काही, यावर यादी मौन पाळते. हयातभराच्या कामाचा सन्मान जरूर करावा, त्यासाठी वेगळा पुरस्कार ठेवावा. हान्स ख्रिस्तियन अँडरसन पुरस्कार १९५६ पासून लेखकांना आणि १९६६ पासून चित्रकारांनाही त्याचसाठी दिला जातो. पुस्तकाचा पुरस्कार ज्येष्ठतेला देऊन टाकला की समितीची भांडणं मात्र मिटतात. माझ्या मते तिथेच ती नापास होते. २०१९ पासून मराठीच्या रकान्यात पुन्हा पुस्तकांची नावं दिसू लागली, हे बरं झालं.

आता चित्रांविषयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपलं सगळ्यात मोठं पाप इथलं आहे. महाराष्ट्र शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे सहा विभाग आहेत. कवितेला बालकवींचं नाव, नाटकाला भा. रा. भागवतांचं, कादंबरीला साने गुरुजींचं, कथेला राजा मंगळवेढेकरांचं, छंद-शास्त्रांच्या पुस्तकांना यदुनाथ थत्ते यांचं आणि संकीर्णला ना. धों. ताम्हनकरांचं. नावं वाचून ऊर भरून येतो. पण चित्रपुस्तक यांतल्या कोणत्या खणात ठेवायचं? चोवीस पानं, जेमतेम दोनशे शब्द, आणि अर्धी गोष्ट चित्रात. ते ‘कथा’ विभागात जातं आणि दीडशे पानांच्या कथासंग्रहाशेजारी बसतं. मी होते त्या समितीत अशा एका पुस्तकाची पानं फर्रकन उलटवून एका विद्वान सदस्यांनी विचारलं होतं, ‘यात मजकूर कुठे आहे?’ मजकूर त्यांच्या डोळ्यांसमोर होता, रंगात होता. शब्द एक सांगत होते आणि चित्र दुसरंच, आणि गंमत नेमकी त्या दोहोंच्या फटीत होती. चार वर्षांचं मूल ती फट बोट ठेवून दाखवतं. आमच्या टेबलावर ती कुणाला दिसली नाही, आणि पुस्तक पहिल्या फेरीत बाद झालं.

चेन्नईत हे इतकं सहज घडत नाही, कारण इथल्या मुलांच्या प्रकाशनव्यवसायाची घडणच चित्रावर झाली. तारा, तूलिका आणि कराडी टेल्स या तिन्ही संस्था १९९० च्या दशकात इथे उभ्या राहिल्या. ताराच्या ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’मध्ये भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडं आहेत. त्याला २००८ साली इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत पुरस्कार मिळाला. आपल्या शासनाकडे ते पाठवलं असतं तर बहुधा ‘संकीर्ण’मध्ये पडलं असतं. त्याच प्रकाशनाच्या ‘डू!’ या पुस्तकात गीता वुल्फ यांच्याबरोबर रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे या वारली चित्रकारांची नावं आहेत. वारली चित्रं आपल्या पालघरची. आपण ती सरकारी इमारतींच्या भिंतींवर रंगवतो, पाहुण्यांना भेट देतो. त्या चित्रकारांना पुस्तकाचे सहकर्ते मानणारं प्रकाशन मात्र देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर निघालं. इथल्या ‘द हिंदू यंग वर्ल्ड–गुडबुक्स’ पुरस्कारांत चित्रपुस्तकाची गोष्ट आणि चित्रपुस्तकाची चित्रं यांना स्वतंत्र पुरस्कार ठेवले होते. तो पुरस्कार इंग्रजी पुस्तकांपुरता होता, हा त्याचा तोकडेपणा, आणि तो लहान नाही. पण त्याची विभागणी तरी पुस्तक उघडून पाहणाऱ्याने केलेली दिसते.

मग मुलांना या कामात जागा नाही? आहे, साक्षीदाराची. अंतिम फेरीतली पुस्तकं सदस्यांनी मुलांना वाचून दाखवावीत आणि तोंड मिटून पाहावं. मूल कोणत्या पानावर मागे जातं, कुठे चुळबुळ करतं, कोणतं पुस्तक दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतं, हा सगळा पुरावा आहे. ‘आवडलं का?’ एवढंच विचारलं तर मूल आपल्याला हवं ते उत्तर देतं. पुराव्याचं वजन करणं मात्र मोठ्यांचंच काम. एखादं पुस्तक पहिल्यांदा जड गेलं म्हणून ते वाईट ठरत नाही, हे साक्षीदाराला ठाऊक असायचं कारण नाही.

आणि निकालाबरोबर कारणं छापा. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार काही दिवसांत रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. ‘बघा, समितीला विचारतो कोण!’ असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. माझं उत्तर असं, की समितीने हे पुस्तक का निवडलं याचं एक पान निकालासोबतच लोकांच्या हाती असतं, तर रद्द करणाऱ्यालाही त्या पानाला उत्तर द्यावं लागलं असतं. नुसतं नाव पुसायला एक आदेश पुरतो. त्या गदारोळात त्याच यादीतल्या बालवाङ्मयाच्या विजेत्यांबद्दल मला एक ओळही वाचायला मिळाली नाही. ती पुस्तकं रद्द करावीत इतकीही कुणी वाचली नव्हती.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो वेळेचा. सगळी पुस्तकं वाचायची, चित्रं पाहायची, मुलांपुढे बसायचं, वर कारणं लिहायची, आणि मानधन किती, तर प्रवासखर्चातच संपेल एवढं. आक्षेप खरा आहे. मानधन वाढवावं, पुस्तकं आयत्या वेळी पाठवू नयेत, समितीत एक जागा चित्रकारासाठी राखावी. यातल्या शेवटच्या सूचनेला तर निधीही लागत नाही, शासन निर्णयात एक ओळ वाढवली की झालं. ज्यांना तरीही वेळ नाही त्यांनी नेमणुकीचं पत्र आल्यावर नकार कळवावा. नाव छापून यावं म्हणून होकार देणाऱ्यांपेक्षा ते मुलांवर जास्त उपकार करतील.