आधी पाहणे, मग रेखाटणे

लहान मुलाच्या हाती कोरा कागद देऊन ‘निसर्गचित्र काढ’ असे सांगितले, की बहुधा एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून डोकावणारा सूर्य, वळणे घेत येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि नारळाचे झाड. कोकणातल्या मुलाच्या वहीत हे चित्र आढळते, तसेच विदर्भातल्या सपाट शिवारात वाढणाऱ्या मुलाच्या वहीतही.

वस्तुतः सह्याद्रीचे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेले आहेत. त्यांचे माथे पुष्कळ ठिकाणी सपाट असून उतारांवर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. असे डोंगर रोज पाहणारे मूलही कागदावर त्रिकोणच काढते. त्याने डोंगर पाहिलेला नसतो असे नाही. जे पाहिले तेच चित्रात आणायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. फळ्यावरचे चित्र जसेच्या तसे उतरविले, की शाबासकी मिळते. आपल्या डोळ्यांपेक्षा फळा अधिक खरा, हा धडा ते नकळत शिकते.

गिरविण्याने हाताला वळण लागते, असे काहींचे म्हणणे आहे. ते खोटे नाही. परंतु हाताच्या वळणासाठी दृष्टीचा बळी देणे योग्य नव्हे. सहा-सात वर्षांचे मूल जमीन म्हणून तळाशी एक रेघ ओढते आणि आकाश म्हणून वर निळा पट्टा रंगविते. ती त्याची स्वतःची समज असते. ती खोडू नये. उसना त्रिकोण मात्र त्याच्या हाती देऊ नये.

यासाठी पालक चित्रकार असण्याची आवश्यकता नाही. मुलाला अंगणात किंवा गच्चीवर न्यावे. पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापून तिच्यातून पाहावयास सांगावे. जवळचे झाड कशाला झाकते? दूरची टेकडी फिकट, निळसर का भासते? आंब्याची कोवळी पालवी हिरवी असते की तांबूस? सकाळी पडलेली सावली सायंकाळी कोणत्या बाजूला जाते? असे प्रश्न विचारावेत आणि उत्तर मुलालाच शोधू द्यावे. रंगपेटी त्यानंतर उघडावी.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी मुंबईत कलाशिक्षण घेतले. पण गावी परतल्यावर कोटितीर्थासारखी परिचित स्थळेच त्यांनी पुन्हा पुन्हा रंगविली. नेहमीच्या ठिकाणीही पाहण्यासारखे पुष्कळ उरते, हे त्यांच्या चित्रांवरून कळते.

प्रत्येक मूल चित्रकार होईल असे नाही. तथापि ज्याने आपल्या दारचे झाड निरखून पाहिले आहे, त्याला ते तोडले गेल्याचे दुःख होईल. ज्याने ते कधी पाहिलेच नाही, त्याला त्याची उणीवही भासणार नाही. म्हणूनच चित्रकलेचा तास हा केवळ विरंगुळा मानता येत नाही.